मराठी कपाट आणि दोन प्रती

बाळांनो, इंग्लंडमधल्या तुमच्या गावचं सरकारी वाचनालय काल कायमचं बंद झालं, म्हणून आजच लिहिते आहे. युरोपात एकामागून एक सरकारं कर्जापायी खर्चाला कात्री लावत आहेत, हे सुरतेत बसून मी पेपरात वाचत होते. ती कात्री त्या वाचनालयातल्या आपल्या मराठी पुस्तकांच्या कपाटापर्यंत येईल असं वाटलं नव्हतं.

प्रत्येक पुस्तकाच्या मी दोन प्रती घ्यायचे, दोन्हींना इथल्या मार्केटातल्या एकाच साडीच्या तुकड्याचं कव्हर घालायचे आणि एक त्या कपाटासाठी पाठवायचे. रविवारी फोनवर आपण एकच पान उघडायचो.

"आजी, हळू वाच ना, गाडी सुटतेय का तुझी?" धाकटी ओरडायची.

तुमच्या प्रती कुठे गेल्या, तिथलं कोणी सांगत नाही. माझ्या प्रती इथे आहेत, आणि आपण थांबलो त्या पानात खुणेचा दोरा आहे.