अंगठ्याची खोड

आमचे हे एकतीस वर्षं लोकांचे केस कापताहेत, पण कंबर म्हणून कधी वळवली नाही. गिऱ्हाइकाची खुर्ची फिरवायची, नाहीतर आपण तिच्याभोवती चालायचं. त्यात काही अडचण आहे, हे लेकीनं घरात चकतीचा खेळ आणेपर्यंत कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

खेळ सोपा आहे म्हणतात. गावाबाहेरच्या बागेत लोखंडी खांबांवर साखळ्या लावलेल्या टोपल्या आहेत. ताटलीएवढी चकती फेकत फेकत न्यायची आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. लेक बँकेतल्या मैत्रिणींबरोबर दर रविवारी जाते. यंदा त्यांनी घरचं एकेक माणूस घेऊन जोड्यांची स्पर्धा ठेवली. दोघांनी फेकायचं, ज्याची चकती चांगल्या जागी पडेल तिथून दोघांनी पुढे खेळायचं. यांनी हौसेनं नाव दिलं आणि बागेतल्या सरावाच्या पहिल्याच दिवशी बाकावर बसलेल्या एका बाईंच्या पिशवीत चकती घातली. आडवी चकती लांब जायला कंबर पिळावी लागते, आणि यांची कंबर म्हणजे दाराची चौकट!

लेक प्रेमानंच म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसते बरोबर चला. मी घेते सांभाळून."

झालं! जेवताना यांनी भाकरी नुसतीच कुस्करली. शेवटी म्हणाले, "अगं, अठरा टोपल्या आहेत. एकदा, फक्त एकदा तरी माझ्या चकतीपासून खेळ पुढे जायला हवा. नाहीतर मी काय तिच्यावर छत्री धरायला चाललोय?"

उपाय लेकीनंच सांगितला. डोक्यावरून फेकायचं. चकती कानाजवळ उभी धरायची, अंगठा तिच्या काठाच्या आत अडकवायचा, कोपर उंच ठेवायचं आणि दगड भिरकावतो तशी सोडायची. ती उभीच वर जाते, हवेत कूस बदलते आणि पालथी पडते. कंबरेचं काम कमी. कोपर उंच धरायला तर यांना शिकवायलाच नको, दिवसभर तेच करतात.

दुकानाच्या सुट्टीदिवशी मागच्या अंगणात सराव सुरू झाला. पहिली चकती सरळ वर गेली आणि यांच्याच पाठीमागे पडली. दुसरी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर. तिसरी तिथंच, दुसरीच्या सोबतीला. शेजारी शिडी घेऊन तीनदा आले, चौथ्यांदा शिडी आमच्याकडेच ठेवून गेले.

मी पायरीवर भाजी निवडत बसलेली. या खेळात मी उंटावरची शहाणी, चकती एकदाही हातात धरलेली नाही. पण यांचा हात मी एकतीस वर्षं बघतेय. चकती सुटायच्या ऐन वेळी यांचा अंगठा उघडायचा आणि ती आधीच निसटायची. कात्रीत बोटं थांबलेली असतात, चालतो तो अंगठा. केस कापून झाले तरी यांची कात्री हवेत चिकचिक करत राहते. झोपेतसुद्धा अंगठा हलतो, मी स्वतः पाहिलंय. जित्याची खोड, दुसरं काय!

"अहो, तुम्ही कात्री चालवताय," मी ओरडले. "वस्तरा धरा, वस्तरा!"

हे हातातल्या चकतीकडे बघत राहिले. वस्तऱ्याला अंगठा एकदा खालून टेकवला की हलवायचा नसतो. हलला तर गिऱ्हाइकाच्या गालाचं काही खरं नाही. पुढची चकती पत्र्यावरून, शेजाऱ्यांच्या अंगणावरून थेट पलीकडच्या रस्त्यावर गेली. मी भाजी टाकून टाळ्या वाजवल्या.

स्पर्धेच्या दिवशी मीही बघायला बरोबर गेले. तेरा टोपल्या झाल्या आणि तेराही वेळा लेकीच्याच चकतीपासून खेळ पुढे गेला. यांचा चेहरा उतरत चालला होता. चौदाव्या टोपलीच्या वाटेत उंच झाडांची रांग होती. लेकीनं कडेनं आडवी फेकली, ती छान वळून झाडांमागे गेली. मग यांनी कोपर उचललं. मी मनात "वस्तरा, वस्तरा" घोकत होते. चकती झाडांच्या शेंड्यांवरून गेली, पालथी झाली आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

आम्ही वळसा घालून पोचलो. लेकीची चकती यांच्या चकतीपेक्षा टोपलीला चांगली पाच पावलं जवळ पडली होती. म्हणजे पुन्हा तिचीच! लेक मात्र आपल्या चकतीवरून न थांबता पुढे गेली आणि यांच्या चकतीपाशी उभी राहिली.

"बाबा, इथून खेळू या."

यांचा चेहरा कडक झाला. "दयामाया नको हं. तुझी जवळ आहे."

"जवळ आहे, पण मध्ये झाड येतंय. जाऊन बघा ना."

हे गेले. दोन्ही बाजूंचे कल्ले सारखे झालेत का ते बघायला वाकतात, तसे तिच्या चकतीमागे वाकले. एक डोळा मिटला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मागची जोडी खोळंबली होती, तरी लेकीनं घाई केली नाही. मग हे उठले आणि तिच्याकडे न जाता सरळ माझ्याकडे आले.

"अगं," ते म्हणाले, "झाड खरंच मध्ये आहे."