चूर्णाला गुण नव्हता

परळच्या ज्या संस्थेत मी औषधशास्त्रात तीस वर्षं काढली, तिथे स्वतःची प्रयोगशाळा मिळालेली मी पहिली बाई. निरोप समारंभात हे तीन जणांनी सांगितलं. त्या प्रयोगशाळेतला माझा सगळ्यात चोख प्रयोग मात्र कुणाच्या तोंडी आला नाही.

एका कंपनीने लिव्हरसाठीचं चूर्ण आमच्याकडे तपासायला दिलं होतं. मी ते उंदरांना दिलं. काही फरक नाही. मात्रा वाढवली, तर उलट लिव्हरला सूज. वही घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेले.

"बाई, तुमचा हात चुकला असेल."

मग त्यांच्याच मर्जीतल्या सहकाऱ्याला शेजारी बसवून पुन्हा सगळं केलं. निकाल तोच. सरांनी वही कपाटात ठेवली. म्हणाले, "हा अहवाल जाणार नाही. आणि पुढच्या टर्मपासून तुम्ही शिकवण्याकडे लक्ष द्या. तुम्हाला ते छान जमतं."

मी संचालकांना पत्र लिहिलं. 'विचाराधीन' एवढंच उत्तर आलं. घरी मुलीची दहावी होती, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दुसरं पत्र मी लिहिलं नाही.

चूर्ण बाजारात आलं. डबीवर छापलं होतं, 'परळच्या नामांकित संस्थेत तपासलेले'. खोटं कसं म्हणणार? तपासलं तर होतंच.

गेल्या वर्षी करी रोडला धाकट्या नणंदेकडे गेले. चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये राहते ती. दार उघडलं तेव्हाच तिचे डोळे पिवळे दिसले. ओट्यावर ती डबी.

"तुझ्याच इथलं ना गं, वहिनी? म्हणून तर डॉक्टरने लिव्हरसाठी दिलेल्या गोळ्या बंद केल्या."

मी डबी तिथेच बेसिनमध्ये रिकामी केली आणि तिला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं. दोन आठवडे ती तिथे होती. तिला जरा बरं वाटल्यावर मी सगळं सांगितलं.

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले होते. पत्र लिहिलं होतं."

"एकच?"

सरांना उत्तर दिलं असतं, संचालकांना दिलं असतं. तिला काय देणार? तिने भिंतीकडे तोंड केलं.

ती वाचली. आता पथ्यावर आहे. तब्येतीचं विचारायला मी फोन करते, तो तिचा नवरा उचलतो आणि "झोपलीय" म्हणतो. सकाळी अकरा वाजतासुद्धा.