चौथा मजकूर

फार पूर्वी एक शोककवी होऊन गेला, असं सांगतात. राजाचा बाप वारला, तेव्हा दरबाराने म्हाताऱ्याला देव करून टाकलं. हा उठला आणि म्हणाला, "म्हातारा चिक्कू होता. जेवताना दुसऱ्याच्या ताटात डोकवायचा." सगळे गार पडले. राजा मात्र तेव्हा कुठे हमसून हमसून रडला, कारण आपला खरा बाप त्याला तेव्हाच आठवला.

तो कवी आज असता तर? आहे की! अंत्यविधी पार पाडून देणाऱ्या एका कंपनीत नोकरीला आहे. गळ्यात ओळखपत्र, खोलीला खिडकी नाही आणि भिंतीवरचं यंत्र अधूनमधून गुलाबाचा वास फुसफुस करत सोडतं. भिंतीपलीकडे प्रेतं ठेवतात. त्यांचा वास परवडला, पण हा गुलाब नको, असं त्याला होऊन जातं. ऑफिसात त्याला 'कविराज' म्हणतात, आणि म्हणताना एकमेकांना डोळे मारतात.

सुरुवातीला तो आपल्या पद्धतीने काम करायचा. गेलेल्याच्या नातेवाइकांना समोर बसवायचा आणि विचारायचा, "ते चिडायचे कशावर?" माणूस कशावर चिडतो, त्यात तो सापडतो, अशी त्याची खात्री. पण एका सुनेने तक्रार केली आणि मॅनेजरने त्याला आत बोलावलं. "कविराज, लोकांना खरं-खोटं नकोय हो, बरं वाटायला हवंय." मग त्याच्याकडून काही तयार मजकूर लिहून घेतले. त्यातला चौथा तुफान चालला. 'नेहमी हसतमुख, सगळ्यांवर माया करणाऱ्या...' फक्त नाव बदलायचं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, ते दूध काढायला आता पगारी माणूस होता. सभागृहातून रोज तोच मजकूर ऐकू यायचा आणि त्याला शिसारी यायची. पण दुसऱ्या दिवशी हा पुन्हा वेळेवर हजर. शिसारीनेही माणूस नोकरी सोडत नाही, हीच खरी शिसारी.

त्याची थोरली बहीण, अक्का, हे सगळं ओळखून होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. ती कपडे शिवायची आणि तोंडाने माणसं उसवायची. "हा रंग तुला शोभत नाही, दुसरं कापड आण," असं गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायची. तिच्या कात्रीने कुणी कागद कापला तर त्याची धडगत नसायची. भावाच्या कवितेवर तिचा शेरा ठरलेला होता: "लांबण लावलीस."

शेवटच्या आजारात तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"तो तुझा चौथा मजकूर मला चिकटवलास तर बघ! मी जन्मात कुणाला उगाच हसून दाखवलं नाही."

"नाही गं, अक्का."

"कात्रीचं सांग. तुला कशी बदडायचे, तेही सांग."

"सांगतो."

अक्का गेली. तिच्या मुलाने मामाच्याच कंपनीत सगळं ठरवलं. "मामा, माझ्या ऑफिसातली माणसं येणार आहेत. तो चौथा मजकूर छान आहे, तोच वाचायला सांगितलाय."

"तुझी आई हसतमुख नव्हती रे."

"आजच्या दिवशी तरी नको ना, मामा."

"वाचायला कुणी नको. मी बोलेन. कागदही नको."

भाचा जरा घुटमळला. "बरं. पण जपून."

सभागृहात तो अक्काजवळ गेला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मृतांचे चेहरे सजवणाऱ्याने कविराजांची बहीण म्हणून खास मेहनत घेतली होती. गालांवर लाली फासली होती आणि ओठांचे कोपरे वर ओढून बसवले होते. अक्का हसत होती. परक्या माणसाने बोटांनी दाबून तिला हसवलं होतं.

तो बोलायला उभा राहिला. कात्री, उसवलेली गिऱ्हाइकं, पाठीत बसलेले धपाटे, सगळं त्याच्या मनात अगदी तयार होतं. समोरच्या लोकांनी रुमाल काढून ठेवले होते. त्याने तोंड उघडलं.

"नेहमी हसतमुख," तो म्हणाला, "सगळ्यांवर माया करणारी..."

तो हबकला. थांबायला बघू लागला. पण इतकी वर्षं एकाच वाटेने गेलेली जीभ दुसरी वाट विसरली होती. कात्री घशापर्यंत यायची आणि बाहेर 'मायेची सावली' पडायची. लोकांना डोळे पुसता यावेत म्हणून मजकुरात त्याने स्वतःच थांबे ठेवले होते. त्या थांब्यांवर तो थांबला आणि लोकांनीही तिथेच डोळे पुसले. शेवटच्या ओळीपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

भाच्याने त्याला मिठी मारली. "मामा, आईला किती आवडलं असतं!" दाराशी उभ्या मॅनेजरने समाधानाने मान डोलावली. वर इथल्याही यंत्राने गुलाबाचा वास फुसफुस करत सोडला.

तो अक्काकडे वळला. तिने एकदा, एकदाच, रागाने बघावं एवढंच त्याला हवं होतं. अक्का हसत होती.