दाढी आणि दारावरची माणसं

जळगावच्या आमच्या कॉलनीतील मंडळाने दाढी-मिशी वाढवण्याची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा मी नाव दिले याचे सर्वाधिक आश्चर्य मलाच वाटले. महाविद्यालयातून निवृत्त होईपर्यंत वर्गाबाहेर चारचौघांसमोर मी कधी उभा राहिलो नव्हतो. अट अशी, की सर्वांनी एकाच दिवशी दाढी करायची आणि मग अंतिम दिवसापर्यंत वस्तऱ्याला हात लावायचा नाही. मिशी मात्र कोणी उतरवायची नाही. आमच्याकडे ती वडील गेल्यावर, दहाव्यालाच उतरते.

दाढी वाढू लागली तसा जीव थाऱ्यावर राहीना. हात सारखा हनुवटीकडे जाई. मंचाची धास्ती होती, पण नावही मागे घ्यावेसे वाटत नव्हते. लोक माझ्याकडे वळून पाहत होते आणि ते मला आवडत होते.

त्याच सुमारास कामानिमित्त धुळ्याला गेलो. बसस्थानकावर, सुटणाऱ्या बसच्या खिडकीत, नात्यातले एक गृहस्थ दिसले. माझी दाढी पाहताच त्यांचा चेहरा उतरला. मान खाली घालून त्यांनी हात जोडले. सुतकात दाढी करत नाहीत, हे मला त्या क्षणी आठवले नाही. संकोचाने मीही तसेच हात जोडले. बस निघून गेली.

दुसऱ्या दिवशी धरणगावजवळच्या आमच्या गावी माणसे दारावर आली. दारावर येणे म्हणजे मयताच्या घरी सांत्वनाला येणे. ओट्यावर आबा, म्हणजे माझे वडीलच, शेंगा फोडत बसलेले. त्यांनी सर्वांना चहा पाजला आणि आपण नेमके कधी गेलो याची चौकशी केली, असे धाकट्या भावाने फोनवर हसत सांगितले. आई मात्र जेवली नव्हती.

मी तडक गाव गाठले. आईने माझ्याकडे पाहिलेही नाही. आत्ताच दाढी उतरवतो, म्हणालो, तर आबांनी अडवले.

"मी जित्ता शे, हाई घरोघर सांगत फिरू का? तू स्टेजवर उभा ऱ्हाय. मी पुढे बससू. बठ्ठा देखतीन." सगळे पाहतील, हा त्यांचा हिशेब.

स्पर्धेला ते पहिल्या रांगेत बसले. डोक्यावर पांढरी टोपी, मिशीला तेल. दारावर आलेल्यांपैकी काही जण मागे होते. भाषणे लांबली. माझे नाव पुकारले गेले, तेव्हा आबांची मान छातीवर पडली होती.

परीक्षक टेप घेऊन आले. "सर, हनुवटी वर."

हनुवटी वर केली की आबा दिसत नसत. खाली आणली की परीक्षक ती पुन्हा वर करत. डुलकी लागली असेल, हे कळत होते. पण मागचे नातेवाईक एकमेकांकडे पाहू लागले होते. अखेर टेप बाजूला सारून मी उतरलो.

खांद्याला हात लावताच आबांनी डोळे उघडले. "मोजी झाई का?"

"अर्धीच."

"मग उतरना कसाले?"

आबांनी मागे वळून नातेवाइकांवर नजर फिरवली, मिशीला पीळ दिला आणि मला परत वर जायला सांगितले. तोवर पुढचे नाव पुकारले गेले होते. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. थोड्याच वेळात त्यांची मान पुन्हा खाली गेली. बक्षिसे वाटून होईपर्यंत मी मंचाकडे पाहत होतो, असे लोकांना वाटले असेल. माझे लक्ष त्यांच्या सदऱ्याच्या हलणाऱ्या गुंड्यांवर होते.