पोर्तुगालतर्फे इब्राहीम खरादी

बुधवार, २६ डिसेंबर १९६२. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत आणि इब्राहीम खरादी याच्या लेथवर चौथ्या यो-योचा दुसरा अर्धा भाग फिरतो आहे. एकूण आठ करायचे आहेत, पहिले तीन कालच झाले. दुपारी तीन वाजता ते ट्रेमध्ये मांडून स्टाफ क्लबात पोचले पाहिजेत. चारला अंतिम फेरी आहे.

हा कारखाना कतारमधल्या अल वक्राच्या दक्षिणेला, समुद्रकाठी, एका युरोपीय बांधकाम कंपनीच्या कॅम्पात आहे. कंपनी इथे धक्का बांधते आहे. इंजिनिअर इंग्लंड, हॉलंड, डेन्मार्क, इटली, फ्रान्स अशा देशांतले आहेत, कामगार बहुतेक हिंदुस्थान आणि पाकिस्तानातले. इब्राहीमचे वय एक्केचाळीस. गाव बांदा, जिल्हा रत्नागिरी. त्याचा बाप लाकडी खेळणी कातायचा आणि जत्रेत विकायचा. दोरीवर वरखाली पळणारी चक्री इब्राहीम नवव्या वर्षी एकट्याने करू लागला. साहेबलोक तिला यो-यो म्हणतात, हे त्याला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कतारमध्ये कळले.

१९५७ साली क्लबचा सेक्रेटरी हॉलिस याने युरोपीय राष्ट्रांची यो-यो स्पर्धा सुरू केली. हॉलिस इंग्रज आहे आणि कॅम्पाचा प्रशासन अधिकारीही तोच. युरोपातून मागवलेले पत्र्याचे यो-यो खाऱ्या हवेत महिनाभरात गंजले. तेव्हापासून ते इब्राहीम करतो. लाकूड वक्रातल्या गलबतांच्या दुरुस्तीतून उरलेले सागवान. दोन्ही अर्धे एकाच तुकड्यातून, शेजारीशेजारी कापलेले, म्हणजे वजनात फरक पडत नाही. वजन दवाखान्यातल्या औषधांच्या तराजूवर होते. त्यानंतर प्रत्येक यो-यो तो स्वतः शंभर वेळा फेकून बघतो. दोरीच्या टोकाशी तो जागच्या जागी किती वेळ फिरतो, हे मोजतो. या जागच्या जागी फिरण्याला कामगार ‘झोप’ म्हणतात. बावीस सेकंदांखाली झोपणारा यो-यो इब्राहीम फोडून टाकतो.

शंभर फेकी, आठ यो-यो, शिवाय फोडलेले वेगळे. कॅम्पात इतका यो-यो दुसरे कोणीच खेळलेले नव्हते. पण ते काम होते, त्यामुळे खेळात धरले जात नव्हते.

क्लबच्या भिंतीवरचा विजेत्यांचा बोर्डही त्याचाच. साल, नाव, देश अशी एक ओळ दर वर्षी पटाशीने कोरायची आणि काळा रंग भरायचा. १९६० पर्यंत चार ओळी झाल्या होत्या. क्लबात तो मागच्या दाराने जात असे, ट्रे ठेवत असे आणि मागच्या दाराने परत येत असे.

स्पर्धेचा एक नियम हॉलिसने १९५८ मध्ये स्वतः लिहिला. एका लेबनानी ड्राफ्ट्समनने त्या वर्षी तीन साहेबांना हरवले होते. पुढच्या फेरीआधी नोटीस लागली : स्पर्धकाकडे युरोपातल्या राष्ट्राचा पासपोर्ट असला पाहिजे, आणि एका राष्ट्राचा एकच स्पर्धक. लेबनानी बाहेर गेला.

१९६१ च्या नोव्हेंबरात हा नियम फजलने पुन्हा वाचला. फजल टाइमकीपर आहे, कुलाबा जिल्ह्यातल्या महाडचा. कामगारांचे पासपोर्ट त्याच्या लोखंडी कपाटात असतात.

“इब्राहीमभाय, तुम्ही कुठले?” त्याने विचारले.

“बांद्याचा. रोज हजेरी मांडतोस, ठाऊक नाय तुला?”

“हे बुक म्हणतंय तुम्ही पोर्तुगालचे.”

बुक खरे होते. बाप काही वर्षे गोव्यात डिचोलीला कामाला असताना इब्राहीम तिथे जन्मला आणि नोंद पोर्तुगीज सरकारच्या दप्तरात झाली. १९५३ मध्ये आखातात यायचे ठरले, तेव्हा गोव्यातला पासपोर्ट लवकर मिळतो असे कोणी सांगितले. तो लवकर मिळाला. त्याची फेड नंतर झाली. १९५५ मध्ये सरहद्द बंद झाली आणि इब्राहीम हिंदुस्थानात परदेशी ठरला. १९५८ च्या रजेत तो दर सोमवारी सावंतवाडीच्या पोलीस ठाण्यात हजेरी लावायला जात होता. नोंद करणारा हवालदार त्याच्याच आळीतला होता. “नाव?” असे तो दर सोमवारी विचारी आणि इब्राहीम सांगत असे.

“मंग?” इब्राहीम फजलला म्हणाला.

“मंग काय! युरोपचा पासपोर्ट पायजे म्हणतात. गोरी कातडी पायजे असं कुठं लिवलंय? यल्ला, चला, नाव घालतो तुमचं.”

फजलने मस्करीत नाव घातले. हॉलिसने फॉर्म दोनदा वाचला, मग स्वतःचा नियम वाचला आणि हसला.

“आमच्याकडे पोर्तुगालचा झेंडा नाही, इब्राहीम.”

“मीपण बघितलेला नाय, साहेब.”

शुक्रवार, १५ डिसेंबरला सुरुवातीच्या फेऱ्या झाल्या. त्याच्या खोलीतला जोडीदार रहमान, राजापूरचा वेल्डर, याने आपला शर्ट इस्त्री करून दिला आणि आपले बूटही दिले. “पोर्तुगालचे वजीर अनवाणी गेले तर राजापूरची अब्रू जाईल,” असे म्हणून नाड्याही त्यानेच बांधल्या. इब्राहीम क्लबच्या पुढच्या दाराने आत गेला. पहिल्या फेरीत त्याने फ्रेंच सर्व्हेअरला हरवले, उपांत्य फेरीत डॅनिश फोरमनला. झोप एकोणतीस सेकंद. यो-यो हातात न पकडता समोर फेकून परत आणण्याच्या सलग फेऱ्या एकशे बारा. डॅनिश फोरमनच्या एकसष्ट झाल्या होत्या. अंतिम फेरी २६ तारखेला, हॉलंडच्या डेक्करशी होती.

त्या आठवड्यात इब्राहीमने एक गोष्ट केली, जी फक्त रहमानने पाहिली. सागवानाच्या एका तुकड्यावर त्याने पेन्सिलीने पाचवी ओळ आखून बघितली. आपले नाव इंग्रजीत कोरले तर बोर्डावर मावते का, हे त्याला पाहायचे होते. अक्षरे थोडी दाटीने घेतली तर मावत होते.

मंगळवारी, १९ तारखेला, फजलच्या रेडिओवर गोव्याची बातमी आली. पोर्तुगीज राज्य संपले होते. रहमानने रव्याचा हलवा केला आणि दाराशी उभा राहून ओरडला, “खलास! फिरंगी खलास!” मग त्याचे लक्ष इब्राहीमकडे गेले. “एक उरलाय म्हणा आमच्या खोलीत. त्याला बशीत वाढा.”

इब्राहीमने दोन बशा हलवा खाल्ला. आता पोलीस ठाण्यात सोमवारची हजेरी लावायची नव्हती. बुधवारी सकाळी कामाआधी तो फजलकडे गेला आणि अर्ज टाइप करून घेतला : पोर्तुगालशी आपला यापुढे संबंध नाही, आपण हिंदी आहोत, हिंदी पासपोर्ट मिळावा. खाली सही केली. फजलने शिक्का मारला आणि अर्ज पुढे पाठवला. कॅम्पातला प्रत्येक कागद हॉलिसच्या टेबलावरून जातो, हे दोघांनाही माहीत होते. त्या सकाळी दोघांपैकी एकालाही ते आठवले नाही.

गुरुवारी हॉलिसने बोलावले. डेक्कर आधीच तिथे बसला होता. अर्ज टेबलावर होता.

डेक्कर म्हणाला, “लिस्बन हे मान्य करत नाही. त्यांच्या लेखी गोवा अजून त्यांचाच आहे. याचा पासपोर्ट ११ मार्च १९६३ पर्यंत चालतो. याने हे पत्र लिहिलं नसतं, तर याला कोणी हात लावू शकलं नसतं.”

“पण पत्र लिहिलं आहे,” हॉलिस म्हणाला. “इब्राहीम, तू पत्र मागे घेतलंस तर तू पोर्तुगाल. नाही घेतलंस तर तू बाहेर. शनिवारी दुपारी बारापर्यंत सांग.”

खोलीत त्या संध्याकाळी वाद झाला.

“काढून घ्या,” फजल म्हणाला. “सव्वीसला खेळा, सत्तावीसला परत टाका. मी टाइप करून ठेवतो. पाच दिवसांनी काय हिंदुस्थान पळून जातंय?”

“पाच दिवस पोर्तुगाल?” रहमान म्हणाला. “परवा माझ्या हातचा हलवा खाल्लास ना रे? दोन बशा?”

“चार नावं मी कोरली, रहमान,” इब्राहीम म्हणाला. “एकाचीही झोप तेवीसवर गेली नव्हती.”

“मंग कोर पाचवं! कोर तुझं नाव आणि म्होरं लिव पोर्तुगाल. आणि ते बघायला भाभींना बोलाव बांद्यावरनं. ज्यांनी सहा वर्षं तुला घरात चोरासारखा ठेवला, त्यांचं नाव लिव.”

“मी काय त्यांच्यासाठी खेळतोय?”

“बोर्डावर तेच राहणार, इब्राहीम. तू काय मनात म्हणत होतास, ते कोरत नाय कोणी.”

शुक्रवारी इब्राहीम आणि रहमान एकमेकांशी बोलले नाहीत. शनिवारी अकरा वाजता इब्राहीम हात धुऊन हॉलिसच्या कचेरीत गेला आणि पत्र मागे घेतो म्हणाला.

हॉलिसने खणातून पत्र काढून त्याच्या हातात दिले. मग सांगितले की कमिटीची बैठक शुक्रवारीच झाली. कार्यक्रमपत्रिका छापायची होती. पोर्तुगालच्या जागी इटलीचे नाव घातले आहे.

“तुम्ही बारापर्यंत म्हणाला होता, साहेब. अकराच झालेत.”

“हो,” हॉलिस म्हणाला. “तुझ्याकडून असं उत्तर येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. यो-यो मात्र आठ लागतील, नेहमीसारखे.”

इब्राहीम पत्र हातात घेऊन बाहेर आला. ते खिशात घालायचे त्याला सुचले नाही. वेल्डिंगच्या शेडपाशी रहमान उभा होता. त्याने कागद ओळखला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही गोष्ट सगळ्या मेसमध्ये पसरली आणि टेबलावर इब्राहीमच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. संध्याकाळी रहमानने खाटेखालून आपले बूट काढले, फडक्याने पुसले आणि वळकटी घेऊन दुसऱ्या खोलीत राहायला गेला.

“उद्या भांडला असतास तरी चाललं असतं,” फजल त्याला अडवत म्हणाला. “त्याला खेळूपण नाय दिलं रे.”

“म्हणूनच जातो,” रहमान म्हणाला. “खेळला असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.”

२६ तारखेला इब्राहीम मागच्या दाराने ट्रे घेऊन आत गेला आणि गरज पडल्यास दोरी बदलून द्यायला भिंतीशी उभा राहिला. डेक्करची झोप चोवीस सेकंद झाली, इटालियनची एकोणीस. टाळ्या संपल्यावर डेक्कर त्याच्याकडे आला.

“तू मला हरवलं असतंस, हे मला माहीत आहे.”

“दोरी घामाने ओली झाली आहे, साहेब,” इब्राहीम म्हणाला. “द्या, बदलतो.”

दुसऱ्या दिवशी त्याने बोर्डावर पाचवी ओळ कोरली : १९६१, डेक्कर, हॉलंड. अक्षरे दाटीने घ्यावी लागली नाहीत.

मागे घेतलेला अर्ज त्याने जानेवारीत पुन्हा दिला. मे महिन्यात उत्तर आले की जन्माचा दाखला हवा. दाखला डिचोलीच्या जुन्या दप्तरात आहे, पोर्तुगीज भाषेत. त्याची नक्कल आणि भाषांतर यासाठी बांद्याहून त्याचा भाऊ चार वेळा जाऊन आला. दप्तर अजून लावून झालेले नाही, असे त्याला चारही वेळा सांगण्यात आले. पासपोर्टचा निकाल लागेपर्यंत कंपनी रजा देत नाही. इब्राहीम चार वर्षांत घरी गेलेला नाही.

त्याची बायको ताहेरुन्निसा महिन्याला एक पत्र लिहून घेते. ऑक्टोबरच्या पत्रात होते : “नाक्यावर आता कोणी विचारत नाही. जाहिदा मैत्रिणींबरोबर गोव्यात जाऊन संध्याकाळी परत आली. सगळे येतात-जातात. तुमचे काय अडले आहे ते नीट कळवा, इथे लोक विचारतात.” जाहिदा त्यांची मुलगी, पंधरा वर्षांची. इब्राहीमने उत्तरात काम जास्त आहे असे कळवले. यो-योविषयी त्याने घरी आजवर काही लिहिलेले नाही.

आज चौथ्या यो-योचे दोन्ही अर्धे सहा वाजून पन्नास मिनिटांनी जोडून झाले. त्याने मधल्या आसावर मेणबत्ती घासली, दोरी घातली आणि फेकायला सुरुवात केली. दाराशी फजल हजेरीचे पुस्तक घेऊन आला होता. तो घड्याळाकडे बघत राहिला.

“एकतीस,” तो म्हणाला. “एकतीस झाले, इब्राहीमभाय! हा ठेवा बाजूला, आपल्यासाठी.”

“नियम आहे,” इब्राहीम म्हणाला. “ट्रेमधून चिठ्ठीने जातो.” त्याने यो-यो ट्रेमध्ये ठेवला आणि पाचव्यासाठी सागवान लेथला लावले.

आजची अंतिम फेरी इंग्लंड आणि डेन्मार्क यांच्यात आहे. जिंकणाऱ्याचे नाव हॉलिस संध्याकाळी चिठ्ठीवर लिहून कारखान्यात पाठवेल. उद्या गुरुवार. भोंगा पावणेसहाला होतो. साडेसहाला क्लबचे दोन नोकर बोर्ड उतरवून आणतात, आणि सहावी ओळ कोरून, रंग भरून, तो बारा वाजायच्या आत परत भिंतीवर लागला पाहिजे.