गरम झाली की रुसणारी होडी
समस्त बीड जिल्ह्याला गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की माझ्या मेव्हण्याच्या लेकीची सोयरीक माजलगाव धरणाच्या मधोमध अडकली होती. मुलाकडच्यांना पलीकडून आणताना होडीचं इंजिन बंद पडलं आणि पुन्हा सुरू होईना.

"तापलं की असंच करतंय, गार होऊ द्या," मेव्हणा घामाघूम होऊन म्हणाला. मी जाणकार चेहरा करून इंजिनावर ओला पंचा ठेवला.

शेवटी मुलाच्या वडिलांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! झाकणाच्या हवेच्या भोकात दसऱ्याच्या पूजेचं कुंकू वाळून बसलं होतं; टाकीत हवा शिरेना, म्हणून पेट्रोल इंजिनात उतरत नव्हतं. त्यांनी ते काडीनं टोकरलं, दोरी ओढली आणि इंजिन फटफटलं.

"एवढं कुकू कुणी थापलं?"

"आमच्या पोरीनं," मेव्हणा पुटपुटला.

"मग सूनबाईला सांगा, पूजा लई चांगली हाय, पण नाकपुडी सोडून करा!"