कॅरोलायनाचा हत्ती

कमलाकर सोवनी यांना खरं तर अमेरिकेला जायचं होतं. १९७० साली सांगली सोडताना त्यांनी सगळ्या आळीला तसं सांगूनच ठेवलं होतं, की नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात दोन वर्षं लॅबचं काम शिकायचं आणि तिथून थेट ओहायो. दोन वर्षांची पस्तीस झाली. मधे लग्न झालं, नीना आली, शिल्पा झाली, दोन बेडरूमचं घर झालं, मागे टीचभर बाग झाली, आणि ओहायो नकाशावर होतं तिथंच राहिलं. विचारलंच कोणी तर कमलाकरराव म्हणायचे, "राहून गेलं." एवढ्या मोठ्या गोष्टीबद्दल इतकं कमी बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांना नाद लागला तो अशाच एका राहून गेलेल्या वस्तूचा. लग्नाच्या आदल्या वर्षी, शनिवारच्या बाजारात जुन्यापान्या सामानाच्या टेबलावर त्यांना तांब्याचं एक नाणं दिसलं. एका बाजूला राजा जॉर्जचा चेहरा, दुसऱ्या बाजूला ढाल आणि व्हर्जिनिया असं नाव. १७७३ साली लंडनच्या टांकसाळीत ही नाणी व्हर्जिनियासाठी पाडली होती. तेव्हा अमेरिका म्हणजे इंग्रजांची वसाहत, नाणीसुद्धा इंग्लंडातून बोटीनं जायची. हे एक कोणास ठाऊक कसं, पण गेलंच नव्हतं. कमलाकररावांनी ते घेतलं, खोलीवर नेलं आणि रात्री जेवायचे विसरले.

मग काय, नादच तो. वसाहतींसाठी म्हणून इंग्लंडात पाडलेली नाणी ते हुडकत राहिले. गुलाबाचं फूल कोरलेली, पितळेसारख्या धातूची आली. कथिलाचं एक आलं, त्यावर घोड्यावर बसलेला राजा. तीस वर्षांत एकतीस नाणी जमली. श्रीमंत संग्राहक हे ऐकून हसतील, पण कमलाकररावांनी एकेक नाणं असं जपलं, जसं आईनं तान्ह्या मुलाला जपावं. लाकडी खणात मखमलीचे गोल खळगे, प्रत्येकाखाली चिठ्ठी. हातात घ्यायचं ते फक्त कडेला धरून. आणि धुवायचं? नावच नको. तीनशे वर्षांत तांब्यावर जो काळसर तपकिरी थर चढतो, तीच त्या नाण्याची कातडी. ती गेली की नाणं मेलं, असं ते म्हणायचे. हा एकच विषय असा होता की त्यावर ते सलग दहा मिनिटं बोलायचे.

नीना त्या खणाला सवत म्हणायची. "सवतीचं झालं का सगळं? मग जेवायला या." शिल्पाला तर लहानपणी खरंच वाटायचं की सवत म्हणजे मराठीत कपाट.

सगळ्यात लाडका होता हत्ती. १६९४ सालचा. एका बाजूला सोंड खाली सोडून उभा असलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला देव कॅरोलायनाचं रक्षण करो, अशी इंग्रजी ओळ. हे नाणं नेमकं कशासाठी पाडलं ते आजही कोणाला नक्की सांगता येत नाही. लंडनचं नाव असलेली तशीच हत्तीची नाणी पुष्कळ सापडतात, कॅरोलायनाची मात्र हाताच्या बोटांपेक्षा फार जास्त नाहीत. विकणाऱ्याला वाटलं लंडनवालंच आहे, त्यानं उलटूनही पाहिलं नव्हतं. कमलाकररावांनी उलटलं, आणि घासाघीस न करता सांगितली ती किंमत दिली. ही १९८३ सालची गोष्ट. २००५ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं, की वसंतात येऊन मी तुमच्या हत्तीचा फोटो घेईन, पुस्तकात तुमच्या नावासह छापीन. कमलाकरराव नाही पोचले, निदान त्यांचं नाव तरी अमेरिकेत पोचणार होतं. ते पत्र त्यांनी नीनाला तीनदा वाचून दाखवलं.

आणि सप्टेंबरात नीनाच्या पोटातलं दुखणं काय आहे ते कळलं. डॉक्टर बाई भली होती, तिनं खुर्ची जवळ ओढून सांगितलं. ऑपरेशनचा उपयोग नाही. ईस्टरपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत, कदाचित. दोघं बसनं परत आली. घरात शिरल्यावर नीना म्हणाली, "यंदा दिवाळी नीट करू या."

लक्ष्मीपूजनाला चौरंगावर नाणी मांडायची, ती आधी घासूनपुसून लख्ख करायची, ही रीत नीनानं नॉटिंगहॅममध्येही कधी मोडली नाही. दर वर्षी ती विचारायची, "अहो, तुमची नाणी ठेवू का देवीपुढे?" आणि दर वर्षी कमलाकरराव खिशातून चलनातली कोरी नाणी काढून द्यायचे. तीस वर्षं हा संवाद असाच चालला होता, त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं.

त्या वर्षी तिनं विचारलं नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, एक नोव्हेंबरला दुपारी कमलाकरराव केमिस्टकडे तिची औषधं आणायला गेले. रांग मोठी होती, एक गोळी दुसऱ्या दुकानातून मागवावी लागली, दोन तास गेले. परत आले तर हॉलमध्ये उदबत्तीचा वास आणि नीना नवी साडी नेसून, दमून, पण चेहऱ्यावर हसू घेऊन उभी. कित्येक आठवड्यांत ती इतकी उभी राहिली नव्हती.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "हं, आता उघडा. आज सवतीला न्हाऊ घातलं मी! तीस वर्षं भांडले तिच्याशी, म्हटलं, जाताना गोड करून जावं."

चौरंगावर एकतीस नाणी मांडली होती. तांब्याची गुलाबी चकचकीत, पितळेसारखी होती ती पिवळीधमक. देवघरातला तांब्या घासतात तशी तिनं ती चिंच आणि मीठ लावून घासली होती. डाग निघेना तिथं भांड्यांची हिरवी घासणी वापरली होती. मधोमध हत्ती, त्याच्या पोटावर बारीक ओरखडेच ओरखडे, आणि त्यावर हळदकुंकू.

आता इथं मला त्या माणसाचा राग येतो, आणि कीवही येते. एक क्षण गप्प बसला असता तर? पण तो क्षण त्याला सापडला नाही. पस्तीस वर्षं कमी बोललेला माणूस त्या दिवशी बोलला.

"कोणी सांगितलं होतं तुला हात लावायला?" आवाज इतका मोठा, की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "मेली सगळी! या घरात एवढी एकच गोष्ट माझी होती, नीना. एकच!"

नीनाचं हसू लगेच गेलं नाही. ते चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, कारण त्याचं काय करायचं ते तिला कळेना. मग तिनं पदरानं समईजवळचं सांडलेलं तेल पुसलं आणि म्हणाली, "जेवण वाढते." आणि खरंच वाढलं. श्रीखंडही होतं.

पुढचे दिवस कमलाकरराव आपल्या परीनं माफी मागत होते, म्हणजे तोंडानं सोडून बाकी सगळ्यानं. सकाळी तिला चहा न्यायचे. गोळ्या वेळेवर द्यायचे. गरम पाण्याची पिशवी भरायचे, उशी सारखी करायचे. पाच तारखेला इंग्रजांच्या फटाक्यांच्या रात्री गावभर आतषबाजी चालली होती तेव्हा तिला त्रास नको म्हणून बेडरूमचे पडदे ओढून तिच्याजवळ बसून राहिले. पण बोलायला तोंड उघडलं की चहाचंच काहीतरी विचारायचे. नाण्यांचं दुःख चार दिवसांत ओसरलं होतं. राहिलं होतं ते आपलंच वाक्य. एवढी एकच गोष्ट माझी. म्हणजे ही बाई कोण? हिनं तीस वर्षं काय केलं? ते वाक्य परत घ्यायचं होतं, आणि वेळ तर डॉक्टरांनी मोजून दिलेला. तरी रोज ते उद्यावर ढकलत होते.  खण नीनानं स्वतःच पुन्हा भरून जागच्या जागी ठेवला होता.

दहा तारखेला दुपारी कमलाकरराव खुर्चीत बसल्या बसल्या पेंगले होते, फोननं जाग आली. मिल्टन कीन्सला राहणाऱ्या शिल्पाचा फोन.

"बाबा, आई ओके आहे का? ती काल मला कॉल केला. विचारते, नाणं परत जुना कसा करायचा. मला वाटला, मेडिसिन्समुळे कन्फ्यूज झाला ती."

"मग? तू काय सांगितलंस?"

"मी ऑनलाइन बघितला ना. कोणीतरी लिहिला होता, गार्डनच्या मातीत पुरून ठेवा, परत डार्क होतो. पण इयर्स लागतात, बाबा. ते मी तिला नाही सांगितला." शिल्पाचा आवाज चिरकला. "काय झालं तिथे? कोणी मला काही सांगत नाही."

कमलाकररावांच्या पायांना तेव्हा गार वारा लागला. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं होतं. "नंतर करतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नीना बागेत होती. नाइट गाउनवर त्यांचा जुना ओव्हरकोट, डोक्याला मफलर, आणि गुलाबाच्या वाफ्यापाशी ओल्या मातीत गुडघे टेकून ती चमच्यानं खड्डा खणत होती. आमटीच्या मोठ्या चमच्यानं. जमीन थंडीनं घट्ट झाली होती, दोनदा खणलं की ती थांबून श्वास घेत होती. शेजारी खण उघडा पडला होता, त्यातले सगळे खळगे रिकामे होते.

"नीना! अगं, काय करतेस? वेड लागलंय का, या थंडीत..."

तिनं वर पाहिलं. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला. "तुम्ही उठायच्या आत आटपणार होते," ती म्हणाली. "तीस झाली. हत्ती तेवढा ठेवलाय, हा खड्डा त्याचाच. म्हटलं, त्याला तरी तुम्हाला विचारल्याशिवाय पुरायचं नाही."

कमलाकरराव तिच्याशेजारी मातीत बसले. विजार भिजली. हत्ती तिनं रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवला होता, तो काढून तिनं त्यांच्या हातात दिला, कडेला धरून, ते धरत तसा.

"शिल्पानं सांगितलं, मातीत ठेवली की पुन्हा पहिल्यासारखी होतात," ती म्हणाली. "ईस्टरपर्यंत होतील ना हो? मला बघायचीत. म्हणजे ते प्राध्यापक येतील तेव्हा... मला एकदा बघू दे झालेली."

"होतील," कमलाकरराव म्हणाले. तीस वर्षांत ते नाण्यांविषयी कधी खोटं बोलले नव्हते.

त्यांनी तिच्या हातातून चमचा घेतला आणि खड्डा खोल केला. पण हत्ती काही आत ठेववेना. तसाच मुठीत राहिला.

"नीना, मी त्या दिवशी म्हणालो ना, या घरात एवढी एकच..."

"म्हणालात. ऐकलं मी."

"ते खरं नाही. कधीच नव्हतं. तोंडातून कसं गेलं मला कळलं नाही गं. माझं जे काही आहे ना या घरात..."

नीनानं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. दमलेला माणूस उशिरा आलेल्या बसकडे पाहतो तसं.

"मग हे आधी का नाही बोललात?" ती म्हणाली. "नऊ दिवस झाले. नऊ दिवस मी हेच घोकत पडले होते. माझ्याकडे कुठे इतके दिवस आहेत हो वाया घालवायला?"

कमलाकररावांनी हत्तीसकट तिचे मातीचे हात धरले आणि ते तिथंच ओल्या गवतावर बसून हुंदके देऊन रडले. पलीकडच्या बागेत वाळत घातलेले कपडे काढायला आलेली शेजारीण पाहत होती, त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. नीना रडली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "चला आत. गारठले मी."

त्यानंतर ती पासष्ट दिवस होती. त्यातला एकही दिवस कमलाकररावांनी गप्प राहून घालवला नाही. सांगलीपासून सगळं बोलले, ओहायोचंही बोलले, तिनं ऐकलं, कधी हसलीही. पण गेलेले ते नऊ दिवस काही त्यांना परत मिळाले नाहीत.